उंची १५० सेंटिमीटर: स्क्रब टायफसमधून झालेल्या एआरडीएसचे एक प्रकरण

स्क्रब टायफस हा माइटच्या अळीच्या चाव्यातून होणारा ताप, आणि एआरडीएस म्हणजे दाहाने फुप्फुसांत पाणी झिरपून रक्ताला ऑक्सिजन मिळेनासा होणे. या प्रकरणातल्या बाई म्हणजे एकच एक रुग्ण नव्हेत. पावसाळा सरताना विदर्भातल्या अतिदक्षता विभागांत जे रुग्ण येतात, त्यांच्यात वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून निवासी डॉक्टर आणि सिस्टर यांना शिकवण्यासाठी हे प्रकरण बांधले आहे. आकडे एकमेकांशी जुळणारे आहेत. वाचताना कागद-पेन जवळ असेल तर हिशेब करत पुढे जावे, कारण या आजारात अर्धे उपचार हिशेबातच असतात.

दाखल होताना

सप्टेंबरचा दुसरा आठवडा. बाईंचे वय ४२, काम शेतमजुरी. महिनाभर रोज सोयाबीन आणि कपाशीच्या निंदणाला जात होत्या. सहा दिवसांपूर्वी थंडी वाजून ताप आला, डोके ठणकू लागले, अंग मोडून आले. गावातल्या डॉक्टरांनी पॅरासिटामॉल आणि सेफिक्सिम दिले, दोन दिवस एकेक सलाईन लावले. ताप हटला नाही. चौथ्या दिवशी तालुक्याला रक्त तपासले. मलेरिया नाही, डेंग्यूची एनएस१ चाचणी निगेटिव्ह, पण प्लेटलेट ६२,०००. प्लेटलेट कमी म्हटल्यावर घरच्यांच्या मनात डेंग्यूच बसला आणि पुढचे दोन दिवस सगळे लक्ष त्या एका आकड्याकडे राहिले. पाचव्या दिवशी कोरडा खोकला सुरू झाला, सहाव्या दिवशी दम लागला. ग्रामीण रुग्णालयात सॅच्युरेशन ८४ भरले, तेव्हा ऑक्सिजन लावून १०८ च्या गाडीने जिल्ह्याला पाठवले.

आल्या तेव्हा श्वास मिनिटाला ३८, नाडी १२६, रक्तदाब ९२/५८, ताप १०३. मास्कमधून मिनिटाला १० लिटर ऑक्सिजन चालू असूनही सॅच्युरेशन ८६ च्या वर जात नव्हते. डोळ्यांत हलकी कावीळ. दोन शब्द बोलून थांबावे लागत होते. तासाभरात रिपोर्ट आले: प्लेटलेट ४८,०००, पांढऱ्या पेशी १३,२००, क्रिएटिनिन १.९, बिलिरुबिन ३.१, एसजीओटी २१२, लॅक्टेट ३.८, म्हणजे मूत्रपिंड, यकृत आणि रक्ताभिसरण यांनाही झळ. एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसे खालपासून मध्यापर्यंत पांढुरकी, हृदयाची सावली मात्र नेहमीच्या आकाराची.

नाकातून जास्त प्रवाहाचा ऑक्सिजन, म्हणजे हाय फ्लो, मिनिटाला ५० लिटरवर लावला. दोन तासांनी ८० टक्के ऑक्सिजनवर सॅच्युरेशन ९०, श्वास ३६. सॅच्युरेशनला ऑक्सिजनच्या प्रमाणाने भागून पुन्हा श्वासाच्या गतीने भागले की रॉक्स निर्देशांक मिळतो. तो इथे ३.१ आला. हाय फ्लोवर रुग्ण निभावेल असे म्हणायला तो ४.८८ च्या वर हवा. धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत ऑक्सिजनचा दाब ६१. मानेचे स्नायू प्रत्येक श्वासाला ताणले जात होते, कपाळावर घाम होता आणि बाई आता आपल्याच मुलाला ओळखताना गोंधळत होत्या. अशा वेळी "अजून थोडा वेळ बघू" म्हणणे मला पटत नाही. सॅच्युरेशन ९० दिसते म्हणून धीर येतो, पण ते ९० टिकवण्यासाठी रुग्ण किती कष्ट करतो आहे हे मॉनिटर दाखवत नाही. शिवाय इतक्या जोराने ओढलेला श्वास आधीच सुजलेल्या फुप्फुसाला आणखी इजा करतो. रक्तदाब धरून ठेवणारे नॉरॲड्रिनॅलिन आधी सुरू करून, झोपेसाठी केटामिन आणि स्नायू शिथिल करायला रोक्युरोनियम देऊन श्वासनलिकेत ट्यूब टाकली आणि व्हेंटिलेटर जोडला.

नाव देणे

१९६७ साली अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या ॲशबॉ, पेटी आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये १२ रुग्णांचे वर्णन छापले. कुणाला अपघाताची इजा, कुणाला स्वादुपिंडाचा दाह, कुणाला न्यूमोनिया. कारणे निरनिराळी, पण चित्र एकच: वाढता दम, ऑक्सिजन देऊनही न सुधारणारा निळेपणा, ताठर झालेली फुप्फुसे. त्यांतले ७ दगावले. आज आपण ज्याला एआरडीएस म्हणतो त्याची ओळख तिथून सुरू होते, आणि कारणे अनेक, चित्र एक ही त्या लेखातली गोष्ट अजून तशीच लागू आहे.

निदानासाठी २०१२ ची बर्लिन व्याख्या वापरली जाते. कारण घडल्यापासून आठवड्याच्या आत त्रास सुरू झालेला हवा, छातीच्या चित्रात दोन्ही बाजूंना पांढुरकेपणा हवा, तो फक्त हृदय थकल्यामुळे किंवा सलाईन जास्त झाल्यामुळे आलेला नसावा, आणि किमान ५ पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब) असताना पी/एफ गुणोत्तर ३०० किंवा त्याहून कमी हवे. धमनीतल्या ऑक्सिजनच्या दाबाला दिलेल्या ऑक्सिजनच्या अंशाने भागायचे, एवढेच हे गुणोत्तर. ३०० पासून खाली २०० पर्यंत सौम्य, २०० पासून १०० पर्यंत मध्यम, १०० किंवा खाली गेले की तीव्र. बाईंना ट्यूब टाकल्यावर ८० टक्के ऑक्सिजन आणि १० पीपवर दाब ७५ होता. ७५ भागिले ०.८ म्हणजे ९४. तीव्र.

तालुक्याच्या डॉक्टरांसाठी इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. २०२३ साली ठरलेल्या आणि पुढच्या वर्षी छापून आलेल्या नव्या जागतिक व्याख्येत धमनीचे रक्त न काढताही निदान करता येते. सॅच्युरेशन ९७ किंवा कमी असताना त्याला ऑक्सिजनच्या अंशाने भागून ३१५ किंवा त्याखाली आले तर चालते. एक्स-रेऐवजी सोनोग्राफी चालते, मिनिटाला किमान ३० लिटर हाय फ्लोवर असलेला रुग्णही धरला जातो, आणि जिथे साधने तोकडी आहेत तिथे पीपची अटही नाही. म्हणजे एआरडीएसची शंका घ्यायला जिल्ह्यापर्यंत वाट पाहायची गरज उरलेली नाही.

५० देशांतल्या ४५९ अतिदक्षता विभागांत झालेली आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेली लंग सेफ पाहणी मला नेहमी अस्वस्थ करते. एआरडीएसच्या व्याख्येत बसणाऱ्या रुग्णांपैकी सुमारे ४० टक्के रुग्णांत उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तो ओळखलेलाच नव्हता. कागदावर न्यूमोनिया लिहिले, सेप्सिस लिहिले, आणि व्हेंटिलेटर नेहमीच्या सेटिंगवर चालू राहिला. निदान लिहिले गेले की हात वेगळे वागू लागतात. म्हणून आमच्याकडे केसपेपरवर पहिल्या ओळीत 'तीव्र एआरडीएस, कारण शोधणे चालू' असे लिहिले गेले.

हृदयाचा प्रश्न सोनोग्राफीने मिटवला. डावा कप्पा जोमाने आकुंचन पावत होता, झडपा ठीक होत्या. फुप्फुसावर प्रोब फिरवला तर उभ्या चमकत्या रेषा, म्हणजे बी लाइन्स, दोन्हीकडे होत्या, पण सलग नव्हत्या. मध्येच एखादा पट्टा चांगला राहिलेला, फुप्फुसाचे आवरण खडबडीत आणि पाठीकडे घट्ट झालेले भाग. हृदय थकून पाणी भरते तेव्हा आवरण गुळगुळीत राहते आणि रेषा सगळीकडे सारख्या असतात.

परकराच्या नाडीखाली

एआरडीएस लिहून थांबलो असतो तर बाई वाचल्या नसत्या, असे मी खात्रीने म्हणतो. व्हेंटिलेटर वेळ मिळवून देतो. त्या वेळात मूळ आजारावरचे औषध शरीरात पोचायला हवे.

पावसाळ्याच्या शेवटी, शेतात काम करणाऱ्या माणसाला आठवडाभराचा ताप, प्लेटलेट कमी, यकृत आणि मूत्रपिंडाला झळ आणि मग दम, असे चित्र समोर आले की यादी लहान असते: फाल्सिपेरम मलेरिया, डेंग्यू, लेप्टोस्पायरोसिस, इन्फ्लुएंझा, साधा जिवाणूंचा न्यूमोनिया आणि स्क्रब टायफस. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आजूबाजूच्या भागात स्क्रब टायफसचे रुग्ण मोठ्या संख्येने सापडले होते, तेव्हापासून तरी तो आपल्याकडच्या यादीत वर असायला हवा. डेंग्यूत बहुधा ताप उतरत असताना धोका वाढतो. इथे सहाव्या दिवशीही ताप १०३ होता. सेफिक्सिमचा काहीच उपयोग झाला नव्हता, हाही धागा होताच. ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी हा स्क्रब टायफसचा जंतू आपल्याच पेशींच्या आत राहतो आणि सेफिक्सिम, सेफ्ट्रियाक्सोन या गटातली औषधे त्याच्यावर चालत नाहीत.

म्हणून दाखल झाल्याच्या पहिल्या तासातच सेफ्ट्रियाक्सोनसोबत शिरेतून डॉक्सिसायक्लिन २०० मिलिग्रॅम दिले गेले, पुढे दर १२ तासांनी १००. जोडीला शिरेतूनच ॲझिथ्रोमायसिन आणि इन्फ्लुएंझाची तपासणी येईपर्यंत ओसेल्टामिविर. दोन औषधे एकत्र देण्यामागे आधार आहे. भारतातल्या सात केंद्रांत झालेला आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला इंटरेस्ट अभ्यास तीव्र स्क्रब टायफसच्या ७९४ रुग्णांवर होता. मृत्यू, सातव्या दिवशीही टिकलेली गुंतागुंत किंवा पाचव्या दिवशीही न उतरलेला ताप, यांपैकी काही घडण्याचे प्रमाण दोन्ही औषधे मिळून ३३ टक्के होते, एकट्या डॉक्सिसायक्लिनवर ४७ आणि एकट्या ॲझिथ्रोमायसिनवर ४८. फक्त मृत्यूचे आकडे पाहिले तर तिन्ही गटांत तसा फरक नव्हता, गुंतागुंत लवकर निवळली हा फायदा.

ट्यूब टाकून झाल्यावर सिस्टर बाईंचे कपडे बदलत होत्या. त्यांनीच हाक मारली, "सर, इकडे बघा जरा." कमरेच्या उजव्या बाजूला, परकराच्या नाडीचा वळ उमटतो त्या ओळीत, साधारण आठ मिलिमीटरचा काळा कोरडा खपला होता. भोवती लालसर कडा. दाबून पाहिले तर कातडी घट्ट, पू नाही. त्याच बाजूच्या जांघेत गाठी लागत होत्या. मुलाला विचारले तर त्याला माहीत नव्हते. हा खपला दुखत नाही, खाजतही नाही, त्यामुळे रुग्ण स्वतःहून सांगत नाही. चिगर नावाची माइटची सूक्ष्म अळी गवतातून अंगावर चढते आणि कपडा घट्ट बसतो तिथे थांबून चावते. कंबर, जांघ, काख, स्तनाखालची घडी, गुडघ्याची खोबण. नेमक्या याच जागा घाईच्या तपासणीत झाकलेल्या राहतात, आणि बाई रुग्ण असेल, तपासणारा पुरुष असेल, तर आणखीनच. सिस्टरला सोबत घेऊन, पडदा ओढून, पूर्ण अंग पाहणे हा अशा तापातला तपासणीचा भाग आहे, त्याला पर्याय नाही.

स्क्रब टायफसची आयजीएम एलायझा ही रक्ताची तपासणी दोन दिवसांनी पॉझिटिव्ह आली. पहिल्या आठवड्यात ती निगेटिव्हही येऊ शकते, म्हणून औषध तिच्यासाठी थांबवायचे नसते. इन्फ्लुएंझाची तपासणी निगेटिव्ह आली आणि ओसेल्टामिविर बंद केले. रक्ताच्या कल्चरमध्ये काही उगवले नाही, तेव्हा सेफ्ट्रियाक्सोनही बंद.

टेप

व्हेंटिलेटरच्या पडद्यावर आधीच्या रुग्णाचे सेटिंग होते: टायडल व्हॉल्यूम, म्हणजे एका श्वासात दिली जाणारी हवा, ४५० मिली. तो रुग्ण उंच पुरुष होता, त्याला ते ठीक. बाईंचे वजन खाटेच्या काट्यावर ७१ किलो भरले. निवासी डॉक्टरने हिशेब मांडला, किलोला ६ मिली, म्हणजे ४२६. सिस्टरने टेप आणली. टाचेपासून टाळूपर्यंत, आडवेच ठेवून मोजले. १५० सेंटिमीटर.

माणूस जाड झाला तरी फुप्फुसे वाढत नाहीत, ती उंचीच्या प्रमाणात असतात. म्हणून वजन उंचीवरून काढायचे असते. बाईंसाठी ४५.५ मध्ये, उंचीतून १५२.४ वजा करून ०.९१ ने गुणलेला आकडा मिळवायचा. पुरुषांसाठी सुरुवात ५० पासून. १५० उंचीला हे वजन ४३.३ किलो येते, आणि सहाने गुणले की २६०. म्हणजे काट्यावरच्या वजनाने दिलेले ४२६ हे प्रत्यक्षात किलोला जवळजवळ १० मिली झाले असते आणि पडद्यावरचे ४५० तर १० च्याही वर.

हा फरक किती महाग पडतो ते २००० साली एआरडीएस नेटवर्कच्या ८६१ रुग्णांच्या अभ्यासात दिसले. किलोला १२ मिली मिळालेल्यांत मृत्यू ३९.८ टक्के, ६ मिली मिळालेल्यांत ३१. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही, फक्त श्वास लहान. कारण इटलीच्या लुचियानो गॅटिनोनी यांनी सीटी स्कॅनवरून दाखवून दिले होते: एआरडीएसचे फुप्फुस सगळेच ताठर होत नाही. बराचसा भाग पाण्याने आणि दाहाने भरून बंद पडतो आणि हवा घेणारा जो भाग उरतो तो लहान मुलाच्या फुप्फुसाएवढा असतो. मोठ्या माणसाचा श्वास त्या उरलेल्या भागात कोंबला की तोही फाटतो, सुजतो.

२६० वर, श्वास आत भरल्यावर क्षणभर थांबवून प्लॅटो प्रेशर, म्हणजे भरलेल्या फुप्फुसातला दाब, मोजले: २४. पीप १० वजा केले की ड्रायव्हिंग प्रेशर, म्हणजे तो श्वास भरायला लागलेला दाब, १४. फुप्फुसाची लवचिकता त्यावरून दाबाच्या प्रत्येक एककाला साडेअठरा मिली निघते. याच फुप्फुसात ४५० ढकलले असते तर प्लॅटो ३४ पर्यंत गेला असता. ३० ही आपली मर्यादा.

पीप किती ठेवायचे यावर एकमत नाही आणि मी कोणत्याही तक्त्याला चिकटून राहत नाही. बाईंना पीप १४ करून पाहिले. सॅच्युरेशन दोनने वाढले, पण प्लॅटो ३० झाला, म्हणजे ड्रायव्हिंग प्रेशर १६, आणि रक्तदाब पडून नॉरॲड्रिनॅलिन वाढवावे लागले. मिटलेला भाग उघडण्याऐवजी उघडा भाग अधिक ताणला जात होता. पुन्हा १० वर आणले.

छोट्या श्वासाची किंमत कार्बन डायऑक्साइडच्या रूपात मोजावी लागते. श्वास मिनिटाला ३० करूनही रक्तात तो ६४ झाला, पीएच ७.२३, म्हणजे रक्त आम्लाकडे झुकले. निवासी डॉक्टरचा हात टायडल व्हॉल्यूमच्या बटणाकडे जाणे स्वाभाविक होते. त्याआधी करण्यासारखे एक साधे काम होते. ट्यूबला लावलेल्या ओलावा धरणाऱ्या फिल्टरमध्ये पन्नास मिलीच्या आसपास जागा असते. ती हवा प्रत्येक श्वासाला नुसती ये-जा करते, फुप्फुसात कामाला येत नाही. ४५० च्या श्वासात ते खपून जाते, २६० मध्ये नाही. फिल्टर काढून गरम पाण्याचा ह्युमिडिफायर लावला. दोन तासांनी कार्बन डायऑक्साइड ५७, पीएच ७.२७. एवढे आम्ही आनंदाने चालवून घेतले. मेंदूला सूज किंवा तीव्र पल्मनरी हायपरटेन्शन (फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला वाढलेला दाब) असते तर चालवून घेता आले नसते.

पालथे

ट्यूब टाकून १४ तास झाले तरी ८० टक्के ऑक्सिजनवर दाब ७८, गुणोत्तर ९७. २०१३ च्या प्रोसेव्हा अभ्यासाने या टप्प्यावर काय करायचे ते स्पष्ट केले आहे. गुणोत्तर १५० च्या खाली असलेल्या ४६६ रुग्णांत, दिवसातले किमान १६ तास पालथे ठेवलेल्यांत २८ दिवसांतला मृत्यू १६ टक्के होता, उताणे ठेवलेल्यांत ३२.८. एआरडीएसमध्ये एवढा फायदा दाखवणारे उपचार हाताच्या बोटांवर मोजता येतील. तरीही लंग सेफ पाहणीत तीव्र एआरडीएसच्या फक्त १६ टक्के रुग्णांना पालथे केलेले आढळले. महाग यंत्र लागत नाही, माणसे लागतात, आणि रात्रपाळीला तीच कमी असतात.

उताण्या माणसात हृदय आणि पोट पाठीकडच्या फुप्फुसावर भार टाकतात. एआरडीएसमध्ये जड झालेले फुप्फुस स्वतःच्या वजनानेही खाली दबते. रक्त मात्र पाठीकडच्या भागाला भरपूर जात राहते, म्हणजे जिथे रक्त तिथे हवा नाही. पालथे केले की तो मोठा भाग मोकळा होतो, हवा सगळीकडे अधिक सारखी पोचते आणि ताणही वाटला जातो.

अर्धा तास तयारीला गेला. नळीतून दिले जाणारे अन्न थांबवून पोट रिकामे केले. डोळ्यांत मलम घालून पापण्या टेपने बंद केल्या. ट्यूब ओठाशी किती सेंटिमीटरवर आहे ते मोठ्याने वाचून फळ्यावर लिहिले. छातीवरचे ईसीजीचे तुकडे काढले. पाच जण उभे राहिले, डोक्याशी सगळ्यांत अनुभवी माणूस, कारण ट्यूब त्याच्या हातात आणि मोजणीही त्याच्याच तोंडून. आधी कडेला सरकवणे, मग कुशीवर, मग पालथे. छातीखाली आणि कमरेखाली उशा, पोट मोकळे लोंबते. एक हात वर, एक खाली, चेहरा वरच्या हाताकडे, आणि दर दोन तासांनी चेहऱ्याची बाजू बदलायची. प्लेटलेट ४८,००० होत्या म्हणून कुणी तरी शंका काढलीच, पण रक्तस्राव नसताना तेवढ्यावरून थांबायचे कारण नव्हते. गालाखाली आणि कपाळाखाली फोमचे तुकडे ठेवले आणि तिथली कातडी दर वेळी पाहिली.

झोपेच्या औषधांसोबत ॲट्राक्युरियमचे ड्रिप दोन दिवस चालवले. सरसकट प्रत्येकाला स्नायू शिथिल करण्याची गरज नाही. २०१९ च्या 'रोज' (ROSE) नावाच्या अभ्यासात १००६ रुग्णांत त्याचा जीव वाचण्याच्या दृष्टीने फायदा दिसला नाही. बाई मात्र गाढ झोपेतही व्हेंटिलेटरच्या विरुद्ध श्वास ओढत होत्या, एकावर एक असे दोन श्वास बसत होते, म्हणजे २६० चे ५२० होत होते. ते थांबवणे भाग होते.

पालथे केल्यावर तासाभरात ६० टक्के ऑक्सिजनवर दाब ८४. सोळा तासांनी ५० टक्क्यांवर ८६, गुणोत्तर १७२. उताणे केल्यावर चार तासांत ते पुन्हा १३३ वर घसरले, म्हणून दुसरी फेरी, मग तिसरी. तिसरीनंतर उताण्या अवस्थेत चार तास ४५ टक्के ऑक्सिजन आणि ८ पीपवर १७५ टिकले, तेव्हा थांबलो.

"पाणी काढून कायले नाई टाकत?"

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंच्या नवऱ्याने विचारले, "डॉक्टरसाहेब, फुप्फुसात पाणी झालं म्हन्ता, तं सुई टाकून काढून कायले नाई टाकत?" प्रश्न अगदी बरोबर आहे आणि त्याला नीट उत्तर मिळायला हवे. "काका, पाणी फुप्फुसाच्या बाहेर साठतं तेव्हा सुईनं काढता येतं. ताईंच्या फुप्फुसाच्या आतल्या बारीक पिशव्यांतच पाणी झिरपलंय. तापाच्या जंतूनं रक्ताच्या नळ्यांचं अस्तर खराब केलंय, त्यातून ते झिरपतंय. अस्तर बरं झालं की ते आपोआप शोषलं जाईल. आपण तोवर नवं पाणी कमी जाईल एवढं बघतोय." मुलाने लगेच विचारले, "मंग सलाईन कायले लावता?" तोही प्रश्न बरोबरच.

सुरुवातीला रक्तदाब कमी आणि लॅक्टेट वाढलेले होते म्हणून रिंगर लॅक्टेट एक लिटर दिले. त्यानंतर रक्तदाब नॉरॲड्रिनॅलिनने सांभाळला, बाटल्यांनी नाही. गळक्या नळ्यांत जेवढे भराल तेवढे फुप्फुसात जाते. प्रतिजैविकांसाठी लागणारे पाणी, औषधांचे ड्रिप, नळी धुण्याचे सलाईन, सगळे चोवीस तासांच्या हिशेबात धरले. हे छोटे छोटे आकडे मिळून दिवसाला लिटरच्या वर जातात आणि तक्त्यात कुणी लिहीत नाही. छत्तीस तासांनी नॉरॲड्रिनॅलिन बंद झाले आणि लघवी सुरळीत होऊ लागली, तेव्हा लघवी वाढवणारे फ्युरोसेमाइड सुरू करून दररोज अर्धा ते एक लिटर उणे ठेवले. १००० रुग्णांच्या २००६ च्या अभ्यासात अशा हात राखून पाणी देण्याने मृत्यू लक्षणीय कमी झाले नाहीत, पण व्हेंटिलेटरविना गेलेले दिवस वाढले आणि मूत्रपिंडाचे नुकसानही वाढले नाही. बाईंचे क्रिएटिनिन २.३ पर्यंत चढून हळूहळू १.२ वर आले.

स्टेरॉइड द्यायचे का, यावर राउंडला बरीच चर्चा झाली. स्पेनमधल्या २०२० च्या अभ्यासात मध्यम ते तीव्र एआरडीएसमध्ये डेक्सामेथासोनने मृत्यू कमी झालेले दिसले होते आणि आजच्या मार्गदर्शक सूचनाही त्याकडे झुकतात. तरी पहिले दोन दिवस इन्फ्लुएंझा नाही हे ठरलेले नव्हते, आणि त्यात स्टेरॉइडने अपाय होण्याची भीती असते. तो प्रश्न सुटेपर्यंत, डॉक्सिसायक्लिन सुरू झाल्यापासून साधारण चाळीस तासांत, ताप उतरला होता आणि गुणोत्तर चढत होते. आम्ही दिले नाही. दुसऱ्या कुणी दिले असते तर मी चूक म्हटले नसते.

मुलाने नागपूरला नेण्याबद्दल विचारले होते. एक्मोची, म्हणजे शरीराबाहेरच्या यंत्रातून रक्ताला ऑक्सिजन देण्याची, सोय हवी तर मोठ्या शहरातच जावे लागले असते. गुणोत्तर ९७ असताना, रक्तदाबाची औषधे चालू असताना, गाडीतल्या व्हेंटिलेटरवर हलवण्यातला धोका त्याला सांगितला. पालथे करून बारा तासांत सुधारणा नाही झाली तर नेऊ, असे ठरवून फोनही करून ठेवला होता. तशी वेळ आली नाही.

नंतर

सहाव्या दिवशी झोपेची औषधे कमी केली, आठव्या दिवशी स्वतः श्वास घेण्याच्या अर्ध्या तासाच्या चाचणीनंतर ट्यूब काढली. दोन दिवस हाय फ्लो, मग साधा ऑक्सिजन. अकराव्या दिवशी वॉर्डात. हात खांद्याच्या वर जात नव्हते, पाणी पिताना पेला थरथरत होता. रात्री दचकून उठत आणि खाटेवर आपल्याला बांधून ठेवले होते असे सांगत. मुलाला वाटले, मेंदूला काही झाले. या गोष्टी घरच्यांना आधीच सांगून ठेवायला हव्यात. टोरोंटोच्या हेरिज आणि सहकाऱ्यांनी २००३ साली १०९ वाचलेल्या रुग्णांचा वर्षभराचा मागोवा छापला. फुप्फुसे जवळजवळ पूर्ववत झाली होती, पण सहा मिनिटांत चालून जाण्याचे अंतर अपेक्षेच्या ६६ टक्केच होते आणि वर्षाने कामावर परतलेले निम्मे होते. अडत होते ते स्नायूंपाशी. फिजिओथेरपी ट्यूब असतानाच सुरू करण्याचे कारण हेच.

डिस्चार्जच्या कागदासोबत गावातल्या डॉक्टरांना वेगळे पत्र दिले. पावसाळ्यात पाच दिवसांवरचा ताप, डोकेदुखी आणि सेफिक्सिमला न जुमानणारा रुग्ण असेल तर कंबर, काख, जांघ पाहावी. खपला दिसो न दिसो, शंका असेल तर डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू करावे, आणि श्वास मिनिटाला २४ च्या वर गेला तर प्लेटलेटची वाट न पाहता पाठवावे. जिल्हा आरोग्य कार्यालयालाही कळवले, कारण त्याच वस्तीतल्या आणखी दोघी निंदणाला जाणाऱ्या बायांना ताप असल्याचे मुलाने सांगितले होते.

तीन महिन्यांनी बाई स्वतः चालत तपासणीला आल्या. सॅच्युरेशन ९७, सहा मिनिटांत ३९० मीटर चालल्या आणि चालताना ते उतरले नाही. एक्स-रेमध्ये खाली दोन्हीकडे बारीक रेघा राहिल्या होत्या. जड भांडे उचलता येत नाही, दुपारी आडवे व्हावे लागते, ही तक्रार. खांद्याचे आणि मांडीचे व्यायाम वाढवून दिले, सहा महिन्यांनी श्वासाची तपासणी पुन्हा करायची ठरली. निंदणाला जायचे का, असे त्यांनी विचारले. वर्ष तरी अर्धा दिवसच काम, पूर्ण बाह्यांचा सदरा, पाय झाकलेले, बांधावर गवतात न बसणे, आणि घरी आल्याबरोबर अंघोळ करून कपडे गरम पाण्यात टाकणे, एवढे मुलाने वहीत लिहून घेतले.